साक्ष देण्यासारखं काही घडतच नाही, म्हणजे विश्वास आटला का?

आधी प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. विचारणारी मूळची नगर जिल्ह्यातली. नोकरीसाठी मुंबईत आली, डोंबिवलीला दोन मैत्रिणींबरोबर भाड्याच्या खोलीत राहते, रोज लोकलने करी रोडला उतरून ऑफिस गाठते. गावी घरात सकाळ-संध्याकाळ गीत, वचन, प्रार्थना व्हायची. इथे रविवारची उपासना सोडली तर बाकीचे सहा दिवस कोरडे जातात. मंडळीत लोक उभे राहून साक्ष देतात: गाडी चुकली त्यातून प्रभूने धीर शिकवला, छत्री हरवली त्यातून आणखी काही शिकवलं. हिला मात्र रोजच्या धावपळीत असलं काहीच दिसत नाही. तेव्हा विश्वास मरत चाललाय का, आणि रोजच्या अनुभवांतून ख्रिस्ती जगणं शिकायचं कसं, असं ती विचारते. शेवटी ‘दोन फुटकळ शंका’ म्हणून जोडलेल्या आहेत, मला त्या मुळीच फुटकळ वाटत नाहीत: फोन आला की साहेब ‘मी नाही म्हणून सांग’ म्हणतात तेव्हा काय करायचं, आणि दसऱ्याला लोकलच्या डब्यात पूजा होते तेव्हा कुठे उभं राहायचं.

बाळ, जय ख्रिस्त. मी मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात स्टाफ नर्स म्हणून लागले आणि इन्चार्ज सिस्टर होऊन निवृत्त झाले. आमच्या मंडळीत नोकरदार तरुणांचा शास्त्राभ्यासाचा वर्ग बरीच वर्षं घेते आहे. त्यात तुझ्याच वयाच्या मुली असतात, म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नकोस. मी पाळक नाही, सेमिनरीत शिकलेली नाही. जे सांगते आहे ते वॉर्डात, गाडीत आणि वर्गातल्या वादावादीत घासून निघालेलं आहे, तेवढंच त्याचं वजन.

तुझ्या प्रश्नात दोन गोष्टींचा गुंता झालाय. एक, घरचा आधार सुटला. गावी संध्याकाळी आईने हाक मारली की सगळे चटईवर बसायचे. तिथे प्रार्थना तुला करावी लागत नव्हती, घर ती तुझ्याकडून करून घेत होतं. आता हाक मारणारं कोणी नाही. ही अडचण खरी आहे, तिच्यावर इलाज आहे, पुढे सांगते. दुसरी गोष्ट म्हणजे साक्षी ऐकून ऐकून तुझा समज झालाय की विश्वास जिवंत असला की माणसाला दिवसभर वरून सूचना येत राहतात आणि प्रत्येक घटनेच्या पोटात एकेक धडा ठेवलेला असतो. हा समज सोड. तो शास्त्रातही बसत नाही आणि माणसांना इजाही करतो.

इजा करतो हे मी उगाच म्हणत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे तू ऐकलं असशील. त्यानंतरच्या रविवारी उपासनेत एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, आम्ही रात्रभर प्रार्थना केली, आमच्या उंबऱ्याला पाणी लागलं नाही. त्यांच्या मागच्या बाकावर मिठी नदीकाठच्या चाळीतलं एक कुटुंब बसलं होतं. त्यांच्या घरात पाणी पोटमाळ्यापर्यंत चढलं होतं. प्रार्थना त्यांनीही केलीच होती. त्या गृहस्थांचं मन वाईट नव्हतं, पण त्यांच्या साक्षीचा हिशेब त्या मागच्या कुटुंबाच्या नावावर मांडला गेला.

लूकच्या तेराव्या अध्यायात येशूपुढे असाच प्रकार आलेला आहे. शिलोहातला बुरूज पडून अठरा माणसं मेली होती. येशू विचारतो, ती माणसं यरुशलेमेतल्या बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होती असं तुम्हाला वाटतं का? आणि स्वतःच उत्तर देतो, नाही. मग ऐकणाऱ्यांकडे वळून म्हणतो, तुम्ही तुमचं बघा, पश्चात्ताप करा. दुसऱ्याच्या दुःखातून धडा काढायचं दार त्याने तिथेच लावून घेतलं. दुःखात पडलेल्या ईयोबाच्या मित्रांचंही तसंच. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर सगळं ठीक चाललं होतं. तोंड उघडून कारणं सांगायला लागले आणि शेवटी देवाचा राग ओढवून घेतला. कॅन्सरच्या वॉर्डात ‘देवाला तुम्हाला काहीतरी शिकवायचं असेल’ असं म्हणणाऱ्या भेटकऱ्यांना मी गोड बोलून व्हरांड्यात घेऊन जायचे.

मग अनुभवांतून शिकायचंच नाही का? शिकायचं. फक्त कुठला धडा ठेवायचा आणि कुठला टाकायचा यासाठी एक कसोटी लागते. माझी कसोटी सोपी आहे: या धड्याची किंमत कोण मोजतं? मी मोजत असेन तर तो बहुधा खरा. दुसरं कोणी मोजत असेल तर तो कितीही आध्यात्मिक वाटो, सोडून द्यायचा. दुसऱ्या शमुवेलाच्या शेवटच्या अध्यायात अरवना यबूसी दाविदाला खळं, बैल, लाकडं सगळं फुकट देऊ करतो. दावीद म्हणतो, ज्यासाठी मला काही मोजावं लागलं नाही असं होमार्पण मी माझ्या देवाला करणार नाही, आणि पन्नास शेकेल चांदी मोजतो. कसोटी तिथली आहे, माझ्या डोक्यातली नाही.

तुझ्या रोजच्या गाडीतलंच उदाहरण घे. संध्याकाळचा लेडीज डबा. उभी असलेली बसलेलीला विचारते, ‘कुठे उतरणार?’ ‘ठाणा.’ ‘सीट कोणाला सांगितलीय?’ ‘नाही.’ ‘मग मला द्या.’ झालं, ठाण्यानंतर ती सीट तिची. कुठे लिहून ठेवलेलं नाही, पण हा शब्द मोडला तर डब्यात काय होतं ते तुला सांगायला नको. आता समज, तू ठाण्याला उतरणार आहेस, सीट एका मुलीला दिलेली आहे आणि कुर्ल्याला एक गरोदर बाई चढली. तुझ्या मनात येतं, ठाण्याला मी उठले की हिलाच बसवते. ऐकायला छान वाटतं. पण ठाण्यानंतरची जागा तुझी राहिलेलीच नाही, तू ती आधीच देऊन बसलीस. म्हणजे दिलेला शब्द मोडून तू त्या मुलीच्या पायांच्या जिवावर पुण्य करणार. तुझ्या हातात फक्त कुर्ला ते ठाणे एवढीच जागा आहे. द्यायची तर ती दे, आत्ता उठून. ठाण्यानंतर काय करायचं ते त्या मुलीला विचार. बहुतेक वेळा ती म्हणतेच, ‘बसू द्या त्यांना.’ पण तसं म्हणायचा मान तिचा आहे.

वर्गात यावरून एकदा चांगलीच जुंपली होती. एकीचं म्हणणं, सीटवरून एवढा काथ्याकूट कशाला? मला वाटतं, करावा. आपल्यापैकी कोणाला सिंहांच्या गुहेत टाकणार नाहीत. आपल्याला मिळणार तिसरी सीट, नाहीतर चौथ्या सीटवर अर्धं अंग टेकण्यापुरती जागा. परीक्षा झालीच तर तिथेच होईल.

आता मळ्याचा दाखला. मत्तयाचा विसावा अध्याय. मालक पहाटे मजूर लावतो, मग तिसऱ्या तासाला, सहाव्या, नवव्या, आणि शेवटी अकराव्या तासाला, म्हणजे संध्याकाळी पाचच्या सुमारास. संध्याकाळी सगळ्यांना सारखाच एक दिनार, एका दिवसाची मजुरी. वर्गातल्या कोणालाही विचार, पहिली प्रतिक्रिया एकच: हा अन्याय आहे. आमच्या मंडळीतले एक काका १९८२ च्या गिरणी संपात नोकरी गेलेले. तू ज्या करी रोडला उतरतेस तिथल्याच एका गिरणीत होते. दरवर्षी हा दाखला आला की ते चिडतात, पहाटेपासून राबले त्यांना बोनस कुठाय म्हणून विचारतात. मी त्यांना कधी खोडून काढत नाही. येशूच्या दाखल्यातले पहाटेचे मजूरही नेमके तेच बोलतात.

पण हा दाखला मला नीट कळला तो नाक्यावर. रात्रपाळी संपवून घरी जाताना आमच्या भागातला मजूर नाका लागायचा. सकाळी सात-साडेसातला तिथे पाय ठेवायला जागा नसते. गवंडी, बिगारी, रंगारी, सेंटरिंगवाले. गवंड्याच्या नायलॉनच्या पिशवीतून थापी आणि रंधा बाहेर डोकावतो, तळाला ओळंबा. मुकादम येतो, नजर फिरवतो, चार जणांकडे बोट करतो, ते टेम्पोत चढतात. नऊनंतर गर्दी पातळ होते. साडेदहा-अकराला त्याच रस्त्याने भाजीला गेलीस तर जी पाच-सात माणसं उरलेली दिसतील ती बघ. एक वय झालेला, एक सारखा खोकणारा, एखादी बाई जिच्याबरोबर लहान पोर आहे, एखादा नवखा ज्याला कोणी मुकादम ओळखत नाही. तीही पहाटेपासूनच उभी आहेत. दाखल्यातला मालक विचारतो, दिवसभर इथे रिकामे का उभे राहिलात? ते म्हणतात, आम्हाला कोणी कामावर लावलं नाही. या उत्तरात सबब शोधायची नाही, ती नाक्यावरची सरळ माहिती आहे.

वर्गात एकजण म्हणाला, आळशी असतील, उशिरा आले असतील. तेव्हा मागे बसलेला एक मुलगा बोलला. त्याचे वडील सेंटरिंगचं काम करायचे. तो म्हणाला, काम मिळालं त्या दिवशी पप्पा थकून यायचे आणि जेवून झोपायचे. काम नाही मिळालं त्या दिवशी डबा तसाच भरलेला परत यायचा, आई काही न विचारता तो उघडून भाजी गरम करायची, आणि त्या रात्री घरात कोणी मोठ्याने बोलत नसे. त्यावर कोणी काही म्हणालं नाही. अर्ध्या दिवसाची मजुरी मिळाली म्हणून घरात पीठ अर्ध्या दिवसाचं लागत नाही, एवढाच त्या दिनाराचा हिशेब आहे. आणि लक्षात घे, मालक तो जास्तीचा दिनार पहाटेच्या मजुरांच्या पैशांतून काढत नाही, स्वतःच्या कनवटीचा देतो. पुन्हा तीच कसोटी.

त्यानंतर वर्गातल्या दोघा-तिघांनी जे केलं ते मला कुठल्याही साक्षीपेक्षा मोलाचं वाटतं, आणि त्यांनी ते मंडळीत उभं राहून कधी सांगितलंही नाही. घरी रंगारी लावला आणि काम दुपारी दोनलाच संपलं, तरी पूर्ण दिवसाची मजुरी द्यायची. तूही यातलं काही करू शकतेस. तुमच्या खोलीवर भांड्यांना किंवा पोळ्यांना मावशी येत असतील. त्यांचे पैसे एक तारखेला हातात पडतात की ‘सुट्टे नाहीत, उद्या देते’ करत पाच तारीख उजाडते? जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात लिहिलंय, मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत दे, कारण तो गरीब आहे आणि त्याचं सगळं लक्ष तिच्याकडे लागलेलं असतं. नाताळला तुम्ही तिघी आपापल्या गावी जाता तेव्हा मावशींचे तेवढे दिवस कापता का? जोरदार पावसात गाड्या बंद पडल्या आणि त्या येऊ शकल्या नाहीत तर? इथे परिस्थिती बघावी लागते, हे कबूल. तुझा पगार किती, घरी किती पाठवतेस, मला ठाऊक नाही. म्हणून माझा आग्रह एवढाच, की हे आधी ठरवा आणि मावशींना आधी सांगा. महिन्याअखेरीला आपल्या मर्जीने कापू नका.

म्हणजे आत्तापर्यंत मी म्हणते ते असं: घटना वाचत फिरू नकोस. तुझ्या शब्दावर, पैशावर किंवा वेळेवर ज्याचं काही अडलेलं आहे असं माणूस आपल्या दिवसात शोध. असं एखादं तरी असतंच. तिथे नीट वाग. शिकायचं ते तिथे शिकशील, आणि बऱ्याचदा ते कळेल तेही फार नंतर.

वॉर्डातलं एक सांगते. रात्रपाळीला पेशंट उतू चाललेले, हात कमी. पहाटे चारची बीपीची फेरी राहून जाते. मग सहाच्या सुमारास टेबलाशी बसून चार्ट भरले जातात: १२०/८०, ११०/७०, १३०/८०. इतके गोल आकडे की बघणाऱ्याला बघताक्षणी कळावं. नव्या मुलींना मी एकच सांगायचे, घेतला नसेल तर रकाना कोरा सोडा. डॉक्टर ओरडतील, मेट्रनचा मेमो येईल. पण कोरा रकाना दिसला तर सकाळपाळीची सिस्टर आधी त्या पेशंटकडे जाईल. खोटा आकडा दिसला तर कोणीच जाणार नाही. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको ही आज्ञा कोर्टापुरती नाही. आमच्याकडे ती बीपीच्या चार्टवर लागू होती, तुझ्याकडे एक्सेलच्या शीटवर असेल. यात मेमो मिळतो हे मी लपवत नाही. मलाही मिळालेत, आणि त्यानंतरही माणसं वाढवून मिळाली नाहीत.

यावरून साहेबांच्या फोनकडे वळू. हा प्रश्न बहुतेक वेळा एका वाक्याने सुटतो. ‘साहेब नाहीत’ म्हणायची गरजच नसते. ‘साहेब आत्ता फोनवर येऊ शकत नाहीत, निरोप देते’ हे खरं आहे. कुठे गेलेत म्हणून खोदून विचारलं तर ‘ते मला सांगता येणार नाही’ हेही खरं. येशूने म्हटलंय तुमचं बोलणं होय तर होय, नाही तर नाही एवढंच असावं. माहीत असलेलं सगळं ओकून टाका असं म्हटलेलं नाही. साहेबांनी आग्रहच धरला तर चारचौघांत नको, एकदा केबिनमध्ये जाऊन शांतपणे सांग की मी असं बोलेन, तुमचं काम अडणार नाही. ऐंशी टक्के साहेबांना त्याचं काही पडलेलं नसतं. पण तो फोन थकलेले पैसे मागणाऱ्या एखाद्या छोट्या पुरवठादाराचा असेल, तर मामला फोनवरच्या शिष्टाचाराचा राहत नाही. याकोबाच्या पाचव्या अध्यायात अडवून ठेवलेली मजुरी ओरडते असं लिहिलंय, ती ही. तिथे नोकरीवर बेतू शकतं. पेन्शन खात बसून मी तुला ‘राजीनामा दे’ म्हणून सांगणार नाही. घरी तुझ्यावर कोण अवलंबून आहे ते बघून, कोणा समजूतदार माणसाशी बोलून ठरव.

आता प्रार्थना. गावची वेळ मुंबईत आणायचा प्रयत्न सोड. पहाटे पाचला उठून अर्धा तास बसायचं ठरवलंस की आठवडाभर जमेल, मग चुकेल, आणि चुकल्याचं ओझं घेऊन तू रविवारीही जायची बंद होशील. असं झालेल्या मुली मी पाहिल्यात. नहेम्याच्या दुसऱ्या अध्यायात राजा विचारतो, तुला काय हवं? नहेम्या लिहितो, मी स्वर्गीच्या देवाची प्रार्थना केली आणि राजाला म्हणालो. प्रश्न आणि उत्तराच्या मध्ये केवढा वेळ असणार? श्वास घेण्यापुरता. तीही प्रार्थनाच धरलेली आहे.

वॉर्डात आम्हाला साबणाने हात धुवायचे तर चाळीस ते साठ सेकंद धुवा असं शिकवलेलं असतं. एका पेशंटकडून दुसऱ्याकडे जाताना ते चाळीस सेकंद मी पुढच्या पेशंटचं नाव घेऊन वापरायचे. हात धुवून होईपर्यंत प्रार्थना संपलेली असायची, आणि खरं सांगायचं तर घाई असली तरी हात नीट धुतले जायचे. पाठ करायला छोटी स्तोत्रं घे. १२१ वं स्तोत्र आठच ओव्यांचं आहे, शेवटी जाण्यायेण्याचं रक्षण आहे. डोंबिवली सुटून दिवा स्टेशन यायच्या आत मनात म्हणून होतं, पुस्तक उघडायला हात मोकळा लागत नाही. १३४ वं तर तीनच ओव्यांचं, रात्री परमेश्वराच्या घरात उभ्या राहणाऱ्या सेवकांसाठी. रात्रपाळीच्या कितीतरी सिस्टरांना मी ते दिलं. आणि रोज शक्य नसेल तर आठवड्यातून एका संध्याकाळी घरी फोन लाव, आई-वडील प्रार्थनेला बसतात त्या वेळेला, आणि फोन स्पीकरवर ठेवायला सांग. हाक मारणारं माणूस तुला अजून आहे.

तू लिहिलं नाहीस, पण या वळणावर पुढची शंका हमखास येते म्हणून सांगते. वाटेत दिसेल त्या प्रत्येकाला मदत करायची म्हटलं तर स्टेशनवरून ऑफिसला पोचायला संध्याकाळ होईल. चांगल्या शोमरोन्याची गोष्ट शेवटपर्यंत वाच. त्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, जनावरावर घालून उतारशाळेत नेलं, एक रात्र थांबला. दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार दिले, जास्त खर्च झाला तर परत येताना देईन म्हणाला, आणि आपल्या वाटेने निघून गेला. प्रवास त्याने सोडून दिला नाही. ज्याचं काम त्याच्या हवाली केलं आणि पैशाची हमी घेतली. आज रस्त्यावर कोणी पडलेलं दिसलं तर १०८ लाव, रेल्वेत असेल तर १३९, आणि मदत येईपर्यंत जवळ उभी राहा. पोलिसांच्या लफड्यात अडकू म्हणून घाबरू नकोस. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने १३४-अ हे कलम आलं, रस्ते अपघातात सद्हेतूने मदत करणाऱ्याला त्याने संरक्षण दिलंय, नाव-पत्ता सांगायची सक्तीही करता येत नाही. त्यानंतर ऑफिसला जा. उशिराचं कारण विचारलं तर जे झालं ते सांग.

राहता राहिला दसरा. इथे मंडळ्यामंडळ्यांत मतभेद आहेत आणि ते राहणार. डबा सजवायचा, हार-तोरणं लावायची, देवीचा फोटो, आरती, मग पेढे. वर्षभर ज्या बायकांनी तुला सीट दिली, चक्कर आली तेव्हा पाणी दिलं, त्यांचाच हा सण. पौल करिंथकरांना लिहितो की कोणी जेवायला बोलावलं तर पुढ्यात येईल ते खा, विचारत बसू नका. पण हे मूर्तीला वाहिलेलं आहे असं कोणी मुद्दाम सांगितलं तर खाऊ नका, आणि ते सांगणाऱ्याच्या विवेकासाठी. म्हणजे पौलाच्याही डोळ्यांपुढे माणसं आहेत. मी काय करायचे ते सांगते, नियम म्हणून नाही. वर्गणी द्यायचे, झेंडूची तोरणं ओवायला बसायचे, आरतीच्या वेळी मागे शांत उभी राहायचे, ताम्हन पुढे आलं की हात जोडून ‘मी ख्रिस्ती आहे, मी आरती घेत नाही’ एवढंच म्हणायचे. पहिल्या वर्षी सांगावं लागलं, पुढे त्याच दुसरीला सांगायच्या. तोंड वाकडं करून दाराशी जाऊन उभं राहण्यापेक्षा हे बरं. नाताळच्या आधी मी करंज्या, चकल्या घेऊन जायचे तेव्हा डबा दादर यायच्या आत रिकामा व्हायचा.

कोणी विचारलं, तुम्ही आरती का नाही घेत, तर जे खरं ते दोन वाक्यांत सांग, नम्रपणे. पेत्रानेही विचारणाऱ्याला सौम्यतेने उत्तर द्यायला सांगितलंय. तू नगरची, म्हणून एक आठवण देते. पुढे नगरला राहिलेले ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक, त्यांना १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एक अनोळखी गोरा गृहस्थ भेटला, बोलणं झालं, त्याने नवा करार हातात ठेवला, आणि १८९५ मध्ये टिळकांचा बाप्तिस्मा इथे मुंबईत झाला. ही गोष्ट सांगून तरुणांना डब्यात पत्रकं वाटायला पाठवणारे लोक आहेत. मला तिच्यात वेगळंच दिसतं: एका प्रवाशाशी दुसऱ्या प्रवाशाने निवांत बोलणं. गर्दीच्या डब्यात, हलायला जागा नसताना, कोणाच्या कानाशी प्रवचन देणं याला मी साक्ष म्हणत नाही.

दसऱ्याबद्दल तुझ्या पाळकसाहेबांचं मत माझ्याहून कडक असेल तर आधी त्यांच्याशी बोल. तू त्यांच्या मंडळीत आहेस, आणि काही बिनसलं तर तुझ्या खोलीवर यायला तेच जवळ आहेत.